अर्जात भरलेली वेळ कोणाच्या घड्याळातली?

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रवेशाचे अर्ज, स्पर्धा परीक्षांची नोंदणी, शिष्यवृत्त्या, गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभा, डॉक्टरांच्या भेटीच्या वेळा अशी सगळी कामे संकेतस्थळांवर गेल्यापासून त्यांच्याविषयीच्या तक्रारींची पत्रे आपल्या सदरात वरचेवर वाचायला मिळतात. सर्व्हर चालत नाही, ओटीपी येत नाही, फोटो अपलोड होत नाही, असा त्यांचा सूर असतो आणि तो रास्तही असतो. एका प्रकारच्या चुकीविषयी मात्र कोणी लिहीत नाही, कारण ती चूक आहे हेच भरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. जन्मतारीख एका दिवसाने मागे सरकलेली दिसते, ‘शेवटची तारीख ३१’ असे लिहिलेला अर्ज ३१ तारखेच्या पहाटेच बंद झालेला असतो, सायंकाळी सातचा ऑनलाइन कार्यक्रम आमंत्रणात रात्री साडेबाराचा होऊन बसतो. आपल्याच हातून काही चुकले असेल, अशी समजूत करून घेऊन माणूस गप्प बसतो. वेब-प्रणाली तयार करणे आणि तपासणे हा माझा व्यवसाय असल्याने या चुकांचे मूळ कोठे आहे ते मला ठाऊक आहे, आणि ते सामान्य वाचकालाही कळण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

संगणकांमध्ये वेळ मोजण्याचा जगभरचा समान आधार म्हणजे यूटीसी. ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर, म्हणजे उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर, आधारलेली भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. देशभर एकच प्रमाणवेळ आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ मागेपुढे करण्याची भानगड नाही, त्यामुळे आपल्याकडच्या प्रोग्रामरची अशी पक्की समजूत होते की वेळेचे रूपांतर म्हणजे साठवताना साडेपाच वजा करणे आणि दाखवताना साडेपाच मिळवणे. त्यात भर म्हणून या धंद्यात नव्याने आलेल्याला पहिला मंत्र दिला जातो तो असा : ‘सगळे यूटीसीत साठवा आणि दाखवताना स्थानिक करा.’ घडून गेलेल्या गोष्टींसाठी हा मंत्र उत्तम आहे. पैसे खात्यात कधी जमा झाले, अर्ज कोणत्या क्षणी पोहोचला, कोणी कधी लॉगिन केले, हे क्षण यंत्राने स्वतः टिपलेले असतात आणि ते यूटीसीतच ठेवावेत. माणसाने स्वतःच्या हाताने फॉर्ममध्ये भरलेली तारीख किंवा वेळ ही मात्र वेगळ्या जातीची माहिती आहे. ती एखाद्या ठिकाणच्या घड्याळाचा किंवा कॅलेंडरचा आकडा असते, आणि ते ठिकाण कोणते हे फॉर्ममध्ये बहुधा कोठेच लिहिलेले नसते. ठिकाण माहीत नसताना केलेले रूपांतर म्हणजे अंदाज. आणि रूपांतर झाल्यावर मूळ आकडा टाकून दिला, तर तो अंदाज पुढे कधी दुरुस्तही करता येत नाही.

सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त आढळणारे उदाहरण जन्मतारखेचे. फॉर्ममधल्या कॅलेंडरवर आपण एक तारीख निवडतो, समजा २ जानेवारी २००८. आपल्या लेखी ती केवळ तारीख आहे. तिला तास-मिनिटे नाहीत. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट भाषा मात्र ‘डेट’ या नावाने जी वस्तू देते तिच्यात तारीख एकटी राहू शकत नाही, तिला वेळ चिकटतेच. मग कॅलेंडरचा तो घटक २ जानेवारीच्या मध्यरात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटे धरतो, तेही भारतीय घड्याळाचे. सर्व्हरकडे पाठवताना त्याचे यूटीसी होते आणि १ जानेवारी, १८ वाजून ३० मिनिटे असा आकडा तयार होतो. सर्व्हरवरचा प्रोग्राम त्यातली वेळ छाटून फक्त तारीख ठेवतो. मुलाची जन्मतारीख १ जानेवारी २००८ झाली. मतदार नोंदणीसाठी १ जानेवारी हा पात्रता दिनांक असतो (२०२२ पासून एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या १ तारखाही धरल्या जातात), हे ध्यानात घेतले तर एका दिवसाच्या फरकाने केवढा घोळ होऊ शकतो ते सांगायला नको. शाळाप्रवेश, नोकरीतली कमाल वयोमर्यादा, निवृत्तीचा दिनांक, विम्याचा हप्ता या सगळ्या ठिकाणी वय एका दिवसावर मोजले जाते, आणि आधारकार्डावरची तारीख आणि अर्जावरची तारीख जुळत नाही एवढ्या कारणावरून अर्ज बाजूला पडतो.

गंमत अशी की अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हीच चूक उलट्या वाटेने भेटते. तेथे डेटाबेसमध्ये तारीख नीट असते, पण ती ब्राउझरकडे ‘२००८-०१-०२’ अशी नुसती येते. वेळ नसलेली अशी तारीख जावास्क्रिप्ट यूटीसीतली मध्यरात्र समजते, आणि यूटीसीतली मध्यरात्र म्हणजे न्यू जर्सीत आदल्या दिवशीची संध्याकाळ, म्हणून पडद्यावर १ जानेवारी उमटतो. त्याच तारखेपुढे वेळही लिहिलेली असेल, तर मात्र तीच भाषा तो आकडा वाचणाऱ्याच्या स्थानिक घड्याळातला समजते. एकाच भाषेतल्या या दोन वागणुकींमुळे पुण्यात बसून तपासलेला प्रोग्राम पुण्यात बरोबर ठरतो आणि न्यू जर्सीत चुकतो, आणि पुण्यातला तपासनीस ‘माझ्याकडे तर बरोबर दिसते आहे’ असे सांगून तक्रार बंद करतो. यावर उपाय अवघड मुळीच नाही : जन्मतारीख, लग्नाची तारीख, सणाची तारीख, मुदतीची तारीख या तारखाच आहेत, त्यांचे यूटीसीत रूपांतर करूच नये. डेटाबेसमध्ये निव्वळ तारखेसाठी वेगळा प्रकार असतो, तो वापरावा आणि ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जशी लिहिली तशीच न्यावी.

मुदतीच्या तारखेत आणखी एक मेख आहे. कार्यालयातील लिपिक प्रणालीत ‘शेवटची तारीख ३१ जुलै’ एवढेच भरतो. प्रणाली त्याचा अर्थ ३१ जुलै, यूटीसीतली मध्यरात्र असा लावत असेल, तर खिडकी ३१ तारखेच्या पहाटे साडेपाचला बंद होते आणि दिवसभर सायबर कॅफेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांना ‘मुदत संपली’ हा लाल मजकूर दिसतो. कोणी हुशारी करून ३१ जुलै, २३ वाजून ५९ मिनिटे असे यूटीसीत लिहिले, तर खिडकी १ ऑगस्टच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत उघडी राहते आणि रात्री जागणाऱ्यांना विनाकारण सवलत मिळते. दोन्ही प्रकार मी निरनिराळ्या संस्थांच्या प्रणालींत पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकाराविरुद्ध कोणी तक्रार करत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच राहतो.

हेच साडेपाच तास रोजच्या हिशेबातही उतरतात. व्यवहाराची वेळ यूटीसीत साठवली, इथवर ठीक. पण दिवसाचा गोषवारा काढतानाही यूटीसीतलीच तारीख धरली, तर तो ‘दिवस’ आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होऊन दुसऱ्या पहाटे साडेपाचला संपतो. ज्यांचे दुकान सकाळी दहाला उघडते त्यांना हे कधी कळतही नाही. वाशीच्या घाऊक बाजारात भाजीच्या गाड्या मध्यरात्रीनंतर लागतात, दादरच्या फुलबाजारात पहाटेच सौदे होतात, दुधाच्या गाड्या उजाडण्याआधी निघतात. या मंडळींचा निम्माअधिक धंदा अशा गोषवाऱ्यात ‘काल’ म्हणून पडतो, आणि १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता फाडलेली पावती यूटीसीनुसार ३१ मार्चच्या रात्री साडेआठची ठरून थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. साठवण यूटीसीत असायला हरकत नाही, पण दिवस कोठला मोजायचा हे प्रोग्रामला स्पष्ट सांगावे लागते. ते न सांगता हिशेबनिसाने दर महिन्याला ‘सिस्टीमचा फरक’ अशी ओळ घालून ताळा जुळवायचा, ही काही व्यवस्था झाली नाही.

आता ‘साडेपाच मिळवा’ या घरगुती औषधाविषयी. सर्व्हर भारतात असो वा परदेशात, त्याचे घड्याळ सहसा यूटीसीवर लावलेले असते. पडद्यावर वेळ साडेपाच तास मागे दिसली की घाईत असलेला प्रोग्रामर कोडमध्ये एका ठिकाणी ३३० मिनिटे मिळवून मोकळा होतो. गळक्या छपराखाली बादली ठेवावी तसा हा प्रकार आहे. सहा महिन्यांनी दुसरा प्रोग्रामर येतो, तो डेटाबेसची किंवा लायब्ररीची (प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडच्या संचाची) नीट मांडणी करून रूपांतर आपोआप होईल असे पाहतो, आणि मग तेच ३३० दोनदा मिळवले जातात. सायंकाळी सातचा कार्यक्रम रात्री साडेबाराचा होतो तो असा. आमच्या धंद्यात फरक नेमका साडेपाच तासांचा दिसला की रूपांतर एकदा राहिले किंवा एकदा जास्त झाले, आणि अकरा तासांचा दिसला की उलट्या दिशेने झाले, हे निदान कोड न उघडताही करता येते. दिशा उलटी होण्याला जावास्क्रिप्ट भाषेतली एक विचित्र प्रथाही कारणीभूत आहे : ब्राउझरला स्थानिक वेळेचा फरक विचारला तर भारतासाठी तो अधिक ३३० न सांगता उणे ३३० सांगतो. ज्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले नाही तो हमखास फसतो.

भारतापुरतीच वेळ पाहणाऱ्याला साडेपाच हा आकडा अढळ वाटतो, पण इतिहासात मागे गेले की तोही डळमळतो. याचा अनुभव सर्वांत जास्त येतो तो जन्मपत्रिका करून देणाऱ्या संकेतस्थळांवर. पत्रिकेवर विश्वास ठेवावा की नाही हा या पत्राचा विषय नाही. परंतु माणसाने सांगितलेल्या जुन्या स्थानिक वेळेचे यूटीसीत बिनचूक रूपांतर करण्याची गरज एवढ्या मोठ्या प्रमाणावर पडणारे दुसरे वेब-काम मराठी घरांत क्वचितच असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातली घड्याळे एक तास पुढे होती, म्हणजे यूटीसीपेक्षा साडेसहा तास पुढे. १९४३ साली साताऱ्यात सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी जन्मलेल्या आजोबांची वेळ घड्याळात पाहून लिहिलेली असेल, तर ती यूटीसीत ० वाजून ४० मिनिटे होते. सरसकट साडेपाच वजा करणारा प्रोग्राम ती १ वाजून ४० मिनिटे धरतो. एका तासात पृथ्वी पंधरा अंश फिरते, आणि लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलते असे मानणाऱ्या शास्त्रात एवढ्याने पत्रिकाच बदलू शकते.

मुंबईची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईकरांनी ती बराच काळ मनावर घेतली नाही आणि प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात पुढे अनेक वर्षे चालू राहिली. एकाच शहरात रेल्वेचे घड्याळ एक आणि रस्त्यावरचे दुसरे, अशी स्थिती होती. त्या काळात गिरगावात जन्मलेल्याची ‘सकाळी ८’ ही वेळ कोणत्या घड्याळातली, हे जगातला कोणताही प्रोग्राम आपणहून सांगू शकणार नाही. सगळ्या संगणकांत आणि फोनमध्ये जी टाइमझोनची नोंदवही असते, जिची सुरुवात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी केली आणि जी आज पॉल एगर्ट यांच्या देखरेखीखाली अद्ययावत ठेवली जाते, तिच्यात भारतासाठी ‘आशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. महायुद्धातला तो जादा तास तिच्यात आहे. मुंबई वेळ नाही, कारण १९७० नंतर ज्या प्रदेशांची घड्याळे सारखी चालली त्यांना एका नोंदीत ठेवायचे असा तिचा शिरस्ता आहे. त्यामुळे जे संकेतस्थळ ही नोंदवही वापरते ते साताऱ्याच्या आजोबांपुरते बरोबर ठरते, गिरगावातल्या पणजोबांच्या बाबतीत मात्र त्याने विचारले पाहिजे. न विचारता सेकंदापर्यंतचे उत्तर छापणे याला अचूकता म्हणता येत नाही.

जुन्या काळाची ही अडचण थोड्यांची. परदेशाशी रोज संबंध येणाऱ्यांची अडचण आजची आहे. पुण्यातल्या गायनाच्या शिक्षिका दर शनिवारी भारतीय वेळेनुसार सायंकाळी सात वाजता ऑनलाइन वर्ग घेतात असे समजू. यूटीसीत ते १३ वाजून ३० मिनिटे. हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या विद्यार्थिनीला ते सकाळी साडेआठ आणि लंडनच्या विद्यार्थ्याला दुपारी दीड. २०२६ साली अमेरिकेतली घड्याळे ८ मार्चला एक तास पुढे गेली की न्यू जर्सीत तो वर्ग साडेनऊला येतो, लंडनमध्ये मात्र दीडच राहतो. २९ मार्चला ब्रिटनची घड्याळे पुढे गेली की तेथेही अडीच होतात. मधले तीन आठवडे दोघांचा आपसातला मेळ बदललेला असतो. येथे शिक्षिकेचे घड्याळ प्रमाण आहे म्हणून यूटीसीतला आकडा वर्षभर एकच राहतो आणि मंत्र चालून जातो. पण तोच वर्ग न्यू जर्सीतल्या मराठी शाळेने तेथील सकाळी साडेआठ अशा वेळेला ठरवला असेल, तर मार्चनंतर यूटीसीतला आकडा बदलून १२ वाजून ३० मिनिटे व्हायला हवा आणि शिक्षिकेने सातऐवजी सहाला बसायला हवे. म्हणजे कार्यक्रम कोणाच्या घड्याळाला बांधलेला आहे हे साठवल्याशिवाय पुढच्या आठवड्याची वेळसुद्धा काढता येत नाही. यूटीसीतला नुसता आकडा हे सांगत नाही, आणि दर आठवड्याच्या वर्गासाठी तोच आकडा सात-सात दिवसांनी पुढे ढकलणाऱ्या प्रणाल्या मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये अर्ध्या वर्गाला उशिरा आणतात.

यातही एक बारकावा आहे. अमेरिकेतल्या एखाद्या मंडळाचे कार्यकर्ते जानेवारीत बसून सप्टेंबरमधल्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची वेळ सकाळी दहा अशी भरतात. प्रोग्राम त्यांच्या ब्राउझरला फरक विचारतो; जानेवारीत न्यूयॉर्क यूटीसीच्या पाच तास मागे असते, म्हणून १५ वाजता असे साठवले जाते. सप्टेंबरात तो फरक चारच तासांचा असतो, आणि आमंत्रणावर अकरा वाजता छापले जाते. फरक विचारायचा तो कार्यक्रमाच्या दिवसाचा, फॉर्म भरण्याच्या दिवसाचा विचारून चालत नाही. त्यासाठी उणे पाच हा आकडा साठवणे कामाचे नाही, ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ हे ठिकाणाचे नाव साठवावे लागते, कारण आकडा एका दिवसापुरता खरा असतो आणि नावामागे सगळे नियम असतात.

याशिवाय वर्षातून दोन रात्री अशा येतात की वेळेचे सरळ रूपांतर होतच नाही. २०२६ साली ८ मार्चच्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर जाते. त्या दिवशी पहाटे अडीच वाजलेच नाहीत. १ नोव्हेंबरला दोन वाजता ते पुन्हा एकवर येते, म्हणून दीड दोनदा वाजतात : एकदा भारतात सकाळचे अकरा वाजलेले असताना आणि पुन्हा दुपारचे बारा वाजलेले असताना. रात्रपाळीच्या परिचारिकेने औषध दिल्याची वेळ ‘दीड’ अशी भरली तर ती कोणती? बहुतेक लायब्रऱ्या न विचारता पहिली धरतात, आणि अस्तित्वात नसलेल्या अडीचला गुपचूप साडेतीन करतात. हे त्यांचे ठरलेले वागणे आहे, त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. पण जेथे औषधाचा, पाळीच्या पगाराचा किंवा लिलावाच्या बोलीचा प्रश्न आहे तेथे प्रोग्रामने भरणाऱ्याला दोन पर्याय दाखवून विचारले पाहिजे. जावास्क्रिप्टमध्ये ‘टेम्पोरल’ नावाची जी नवी सोय ब्राउझरांत येऊ लागली आहे तिच्यात अशी संदिग्ध वेळ सरळ नाकारण्याचाही पर्याय दिला आहे, आणि नुसती तारीख व ठिकाणासह वेळ यांचे प्रकारही वेगळे केले आहेत. जावा भाषेला ही समज २०१४ पासून आहे. साधने नाहीत ही सबब आता उरलेली नाही.

भविष्यातल्या वेळांविषयी मात्र अनुभवी मंडळीही चुकतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. टाइमझोनचे नियम सरकारे ठरवतात आणि सरकारे ते बदलतात. मॉरिशस हे आपल्या मराठी बांधवांचेही घर. तो देश यूटीसीच्या चार तास पुढे असतो. पण २६ ऑक्टोबर २००८ ते २९ मार्च २००९ या तेथल्या, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या, एका उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करून पाहिली गेली आणि मग तो प्रयोग सोडून देण्यात आला. हा नियम येण्याआधीच कोणी जानेवारी २००९ मधल्या लग्नाची वेळ सकाळी दहा अशी भरली असेल आणि प्रणालीने तिचे यूटीसीत ६ करून मूळ दहा पुसून टाकले असतील, तर नवा नियम बसवलेल्या संगणकाने आमंत्रितांना अकरा वाजता असे दाखवले असते. भटजींनी मुहूर्त बदललेला नाही, नवरानवरीने बदललेला नाही, हॉलच्या नोंदवहीत दहाच लिहिलेले आहेत; बदलला तो यूटीसीशी असलेला संबंध. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये घड्याळ पुढे करण्याचा निर्णय अवघे काही दिवस आधी पुढे ढकलला गेला, निम्म्या देशाने तो मानला, निम्म्याने मानला नाही, आणि मग तो मागे घेतला गेला. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये हा घड्याळबदल बंद करण्याच्या बाजूने मत दिले, पण अंमलबजावणी रखडली. उद्या ती झाली तर आज साठवलेल्या किती भेटी एक तासाने सरकतील?

म्हणून भविष्यातल्या वेळेसाठी योग्य पद्धत ही की भरणाऱ्याने लिहिले तेच मूळ मानून साठवावे, म्हणजे तारीख, घड्याळातली वेळ आणि ठिकाणाचे नाव या तिन्ही गोष्टी. यूटीसीतला आकडा शोधासाठी आणि क्रम लावण्यासाठी शेजारी ठेवावा, आणि नियम बदलले की मूळ नोंदीवरून तो पुन्हा काढावा. येथे डेटाबेसचा एक गैरसमजही दूर करायला हवा. पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या ‘टाइमझोनसह वेळ’ या प्रकारात टाइमझोनही साठत असेल असे नावावरून वाटते. प्रत्यक्षात तो यूटीसी करून टाइमझोन टाकून देतो, म्हणून ठिकाणासाठी वेगळा रकाना ठेवावाच लागतो. त्याच डेटाबेसला वेळेपुढे ‘आयएसटी’ (इंडियन स्टँडर्ड टाइम) अशी तीन अक्षरे लिहून दिली, तर मूळ मांडणीत तो ती इस्रायलची वेळ समजतो, आपल्यापेक्षा साडेतीन तास मागची. आयर्लंडही हीच अक्षरे वापरतो. अशा आद्याक्षरांवर कोणत्याही प्रोग्रामने विसंबू नये.

फॉर्म भरणाऱ्याच्या बाजूनेही थोडी मदत हवी. तारीख आणि वेळ घेण्यासाठी ब्राउझरमध्ये जो तयार रकाना असतो तो सर्व्हरकडे नुसता घड्याळाचा आकडा पाठवतो, ठिकाण पाठवत नाही. ब्राउझरला ठिकाण वेगळे विचारता येते, आणि ते तो सांगतोही (काही ब्राउझर अजून ‘आशिया/कलकत्ता’ असे जुने नाव सांगतात, दोन्ही नावे एकच मानावीत, नाहीतर भारतातल्या भारतात दोन गट पडतात). पण ब्राउझरचे ठिकाण म्हणजे कार्यक्रमाचे ठिकाण असे गृहीत धरू नये. दुबईच्या विमानतळावर बसून पुण्यातल्या डॉक्टरांची भेट ठरवणाऱ्याला पुण्यातलेच साडेअकरा हवे असतात. म्हणून वेळेच्या रकान्याजवळच ‘पुणे, भारतीय वेळ’ असे लिहावे, ते बदलण्याची सोय द्यावी, आणि पाठवण्याआधी ‘शनिवार, १४ मार्च, सायंकाळी ७, भारतीय वेळ; न्यू जर्सीत सकाळी ९.३०’ अशी ओळ दाखवावी. ती वाचून चूक भरणाराच पकडतो, आणि त्यासाठी त्याला यूटीसी म्हणजे काय हे माहीत असण्याची गरज पडत नाही.

आपल्याकडच्या विद्यापीठांच्या, परीक्षा मंडळांच्या आणि महापालिकांच्या प्रणाल्या निविदा काढून बनवून घेतल्या जातात. त्या निविदांत सर्व्हर किती क्षमतेचा हवा, रंगसंगती कशी हवी याची पानेच्या पाने असतात. तारीख-वेळेविषयी एक ओळही नसते. माझी सूचना एवढीच की स्वीकृतीच्या चाचणीत चार गोष्टी लेखी मागाव्यात. संगणकाचे टाइमझोन न्यूयॉर्कचे ठेवून आणि पुन्हा भारताचे ठेवून जन्मतारीख भरावी आणि ती दोन्हीकडे जशीच्या तशी दिसावी. मुदतीचा अर्ज भारतीय वेळेच्या रात्री ११ वाजून ५८ मिनिटांनी स्वीकारला जावा आणि १२ वाजून १ मिनिटाने नाकारला जावा. पहाटे दोनची पावती त्याच दिवसाच्या गोषवाऱ्यात यावी. आणि जाहिरातीपासून पोचपावतीपर्यंत जेथे जेथे वेळ छापली जाते तेथे ‘भारतीय प्रमाणवेळ’ हे शब्द सोबत असावेत. या चाचण्यांना अर्धा दिवस पुरतो. त्यांचा खर्च कंत्राटदाराने करायचा आहे, आणि त्या आज झाल्या नाहीत तर पुढच्या प्रवेशफेरीत त्या विद्यार्थी करतील, आपापल्या अर्जांवर.

कळावे,
आपला,
एक वाचक, पुणे